पमे, तुझी ती स्क्रिप्ट!

प्रिय पमे,

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, आईचा गुडघा तसाच.

थीसिस परत आला. सरांकडून नाही गं, सबमिशनच्या पोर्टलवरून. कारण काय, तर 'पीडीएफमध्ये टाइप ३ फाँट आहेत'. म्हणजे फाँट पीडीएफमध्ये घालायची एक पद्धत, जी पोर्टलला चालत नाही. घरात कुणाला सांगू हे? दादा म्हणाला, मग बदल ना फाँट, त्यात काय. याला काय समजावणार, म्हणून तुला लिहितेय.

तुला माहितीये मी थीसिस लेटेकमध्ये लिहिते आणि अक्षरांसाठी टी१ एनकोडिंग वापरते. त्याला सीएम-सुपर हे फाँटचं पॅकेज नसलं की लेटेक एरर वगैरे काही देत नाही, गुपचूप मेटाफाँट या फाँट बनवणाऱ्या प्रोग्रामकडून ६०० डीपीआयची ठिपक्यांची अक्षरं बनवून घेतो. छापलं तर छान, स्क्रीनवर झूम केलं की कडा खरबरीत. म्हटलं पॅकेज टाकू, तर पॅकेजं आणून देणारा टीएलएमजीआर अडून बसला, की तुझं टेक लाइव्ह (लेटेक ज्यातून येतं तो संच) जुन्या वर्षाचं, नव्या रिपॉझिटरीतून काही मिळणार नाही. मग त्या वर्षाचा गोठवून ठेवलेला साठा असतो ना, तिकडे रिपॉझिटरी वळवली, पॅकेज आलं, परत कंपाइल केलं आणि तेच! पीडीएफमधले फाँट दाखवणारं पीडीएफफाँट्स चालवलं तर नावाच्या जागी 'नन', पुढे टाइप ३, ओळीमागून ओळी.

आता तू म्हणणार, 'तरी सांगत होते फुल इन्स्टॉल कर.' याच्यावरून होस्टेलवर आपला अबोला झालेला आठवतोय मला, आणि मेसच्या लायनीत मध्यस्थी करणारा बंड्यापण. पण थांब. फाइल मशीनवर होती! फाइली शोधून देणाऱ्या केपीएसइविचला विचारलं तर त्याने सीएम-सुपरच्या एसएफआरएम१०९५.पीएफबीचा पत्ता बिनचूक दिला. म्हणजे नुसती फाइल मशीनवर असून भागत नाही, ऐकतेयस ना? फाँट आहे, पण पीडीएफ बनवणारा पीडीएफटेक ज्या मॅप फाइलमध्ये, म्हणजे फाँटच्या यादीत, बघतो तिच्यात त्याचं नावच नाही. मग मॅप कुठली वाचतोयस तेच विचारलं, तर उत्तर आलं माझ्या होम फोल्डरमधली. सिस्टिमची ताजी यादी तिकडे तयार बसलीये आणि हा बाबा घरातली जुनीच वाचतोय, कारण घरची असली की आधी तीच.

ती तिथे ठेवली कुणी? तुझ्या सेटअप स्क्रिप्टने. शेवटून दुसरी ओळ, अपडीमॅप (मॅप नव्याने बनवणारी कमांड) आणि पुढे यूजर. अगं २०१७ पासून नुसतं अपडीमॅप चालतच नाही, सिस (सगळ्या सिस्टिमसाठी) की यूजर (फक्त आपल्या होममध्ये) ते सांगावं लागतं, ते मुद्दाम यासाठीच केलंय की लोकांनी यूजर चालवून स्वतःला असं अडकवू नये. आणि तू निवडून यूजर निवडलंस! वर कॉमेंट, 'ही ओळ काढू नये'. कुठून येतो गं एवढा आत्मविश्वास?

घरची मॅप उडवली. लॉगमध्ये ठिपक्यांचं ईसीआरएम१०९५.६००पीके जाऊन एसएफआरएम१०९५.पीएफबी आलं तेव्हा मी एवढी ओरडले की आई घाबरली. आणि तरीही पोर्टल नाहीच म्हणालं! एक टाइप ३ उरलाच होता, चौथ्या प्रकरणातल्या ग्राफमध्ये. ग्राफ काढणारं मॅटप्लॉटलिब स्वतःहून टाइप ३ घालतं, त्याच्या पीडीएफ.फाँटटाइप या सेटिंगला ४२ द्यायचं, मग ट्रूटाइप येतो. सगळे ग्राफ परत काढले, आता पावती आलीये.

बाकी तुझं नवीन ऑफिस कसंय, पिल्लू रात्री झोपतं का आता, सासूबाई परत गेल्या का ते सगळं फोनवर सांग, मी निवांत ऐकेन. पण त्याआधी ती ओळ काढ. ऑफिसच्या मशीनवर स्क्रिप्ट चालवली असशीलच तू, मला खात्री आहे, तर कुणाला कळायच्या आत होममधली मॅप उडव.

तुझी,
वैजू