पर्जन्यमापकात न पडणारे पाणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेघवनांवर, म्हणजे उंच डोंगरांवरच्या बहुतेक वेळ ढगात असणाऱ्या जंगलांवर, आलेला लेख दोनदा वाचला. छायाचित्रे उत्तम, माहितीही बहुतांश बिनचूक. माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे आणि तो लेखात सारखा सारखा येतो: 'लोकसहभाग'. स्थानिकांना संवर्धनात 'सहभागी करून घेतले पाहिजे' असे वाचले, की घरमालकालाच कोणी 'या, बसा' म्हणत असल्यासारखे वाटते. शेतकरी तिथे आधीपासूनच आहेत. जंगल त्यांच्या हिशेबात बसले तर राहते, नाही बसले तर जाते. हा हिशेब लेखात कुठेच आला नाही, म्हणून हे पत्र.

आधी पाण्याचे. मी नोकरीत बरीच वर्षे पर्जन्यमापकाच्या नोंदी घेतल्या. मापक उघड्यावर, झाडांपासून लांब बसवायचा, हा आम्हाला शिकवलेला पहिला नियम. फांदीवरून ठिबकलेले पाणी त्यात येता कामा नये. नियम योग्यच आहे, पण मेघवनात खरी गंमत त्या ठिबकण्यातच असते. ढग डोंगराच्या धारेवरून झाडांमधून आडवा सरकत जातो. शेवाळाच्या तंतूंवर, नेच्यांवर, पानांच्या टोकांवर बारीक थेंब धरतात, जड झाले की सुटतात आणि पाऊस नसतानाही झाडाखाली टपटप चालू राहते. चार पावलांवर उघड्यावरचा मापक कोरडा. वहीत नोंद: शून्य! पावसाच्या तुलनेत ही भर बऱ्याच ठिकाणी ५ ते २० टक्के धरली जाते. वाऱ्याच्या तोंडावरच्या धारेवर आणि कोरड्या महिन्यांत ती त्याहून पुष्कळ जास्त असू शकते. शिवाय पाने सदा ओली आणि ऊन कमी, त्यामुळे ही झाडे स्वतः पाणीही बेताने पितात. होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पा आपल्या पाण्याचा मोठा वाटा ला तिग्राच्या मेघवनातून घेते.

जे मापकात पडत नाही, त्याचे पैसेही कोणी देत नाही. वरच्या उतारावरचा शेतकरी झाडे उभी ठेवतो, त्याचा फायदा खालच्या शहरातल्या नळाला होतो आणि शेतकऱ्याच्या हाती येते ते न केलेल्या कुरणाचे नुकसान. कोस्टा रिकाने १९९६च्या वनकायद्याने यावर एक तोड काढली: जंगल राखणाऱ्या जमीनधारकाला सरकारी मोबदला, तोही मुख्यतः इंधनावरच्या करातून. इक्वेडोरच्या किटो शहराने २०००मध्ये पाण्यासाठी स्वतंत्र निधी उभा केला आणि पाणीपुरवठा संस्थेच्या उत्पन्नातला ठराविक वाटा उगमाकडच्या डोंगरांच्या राखणीसाठी लावला. दोन्ही योजना मला पटतात. खोट एवढीच की असा मोबदला कागदपत्रे पाहून मिळतो. ज्याच्या नावावर जमीन मोठी आणि उतारा चोख, त्याची फाइल आधी सरकते. चार एकरवाला रांगेत राहतो.

कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देबद्दल लेखात 'निसर्गप्रेमी क्वेकरांनी जंगल राखले' असे वाक्य आहे. क्वेकर हा युद्धाला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ. ही मंडळी १९५१मध्ये अमेरिकेतल्या अलाबामातून तिथे आली ती लष्करभरती नको म्हणून; त्या देशाने १९४८मध्ये सैन्यच बरखास्त केले होते. इथे येऊन त्यांनी गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला. कुरणासाठी झाडे त्यांनीही तोडली. वरचे साडेपाचशे हेक्टरच्या आसपास जंगल मात्र वस्तीच्या पाण्याचा उगम म्हणून राखून ठेवले. त्याच्या शेजारी १९७२मध्ये अभयारण्य उभे राहिले. निसर्गप्रेम त्यात नसेल असे मी म्हणत नाही, पण दूध काढणाऱ्याला रोज पाणी लागते, हे कारण मला जास्त टिकाऊ वाटते.

त्याच परिसरातले वारारोधक पट्टे लेखात यायला हवे होते. तिथले वारे कॉफीची पाने फाडतात आणि थंडीवाऱ्यात उभ्या गाईचे दूध घटते. म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांनी कुरणांच्या कडेने झाडांच्या ओळी लावल्या. पक्षी वाचवणे हा त्यांचा हेतू नव्हता. आडोसा हवा होता. पण ओळ उभी राहिल्यावर पक्षी तिच्यावर येऊन बसू लागले, विष्ठेतून जंगलातल्या झाडांच्या बिया खाली पडू लागल्या आणि गुरांपासून कुंपणाने राखलेल्या त्या अरुंद सावलीत जंगली रोपे उगवू लागली. यात एक बारकावा आहे: ज्या ओळीचे टोक जंगलाला भिडलेले होते, तिच्याखाली अशी रोपे जास्त सापडली. मधेच तुटलेल्या ओळीखाली कमी. शेताची आखणी करताना शेवटची दहा-वीस झाडे कुठे लावायची, एवढ्यावर ते ठरते. हा निर्णय वनखाते घेत नाही, तो बांधावर उभा राहून शेतकरी घेतो.

नुसत्या कुंपणाने भागत नाही, याचा दाखला याच मोंतेवेर्देने दिला आहे. तिथला सोनेरी बेडूक १९८७मध्ये प्रजननाच्या डबक्यांत शेकड्यांनी दिसला होता. १९८९मध्ये एकच नर दिसला, त्यानंतर एकही नाही. जंगल तर संरक्षित होते. हवामानातला बदल की बुरशीचा रोग, की दोन्ही, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उपग्रहचित्रांवरून आणखी एक गोष्ट पुढे आणली: वाऱ्याच्या बाजूच्या सखल भागात जंगल तोडून कुरणे झाली, तिथे कोरड्या महिन्यांत ढग कमी धरतात. म्हणजे डोंगरमाथ्यावरचा ढग पायथ्याच्या शेतीवरही अवलंबून असतो. माथ्याला कुंपण घालून पायथ्याकडे पाठ फिरवणारे संवर्धन मला अर्धवट वाटते ते यामुळे.

'सावलीतली कॉफी' या उपायावर लेखकाचा फार भरवसा दिसतो. माझा तेवढा नाही. कुरण किंवा उघड्यावरची कॉफी होती तिथे सावलीची झाडे आली, तर उत्तमच: माती धरली जाते, पालापाचोळा मिळतो, पक्ष्यांना थारा मिळतो. पण जंगलाचा खालचा थर साफ करून, वरची चार मोठी झाडे ठेवून खाली कॉफी लावली आणि पाकिटावर पक्ष्याचे चित्र छापले, तर ते जंगल गेलेच म्हणायचे. कॉफीची आणि मेघवनाची उंची बरीचशी एकच असल्याने हे वारंवार घडते. त्यात भाव. २००१च्या सुमारास जागतिक बाजारात कॉफी कोसळली. २०१२-१३मध्ये मध्य अमेरिकेत तांबेरा या बुरशीच्या रोगाने मळेच्या मळे झोपवले. अशा वर्षी शेतकरी सावलीच्या झाडाकडे लाकूड म्हणून पाहू लागला, तर त्याला दोष देणारे आपण कोण? पडत्या भावात त्याला उभे राहता येईल अशी खरेदीची हमी नसेल, तर शाश्वत शेती चांगल्या वर्षापुरतीच शाश्वत असते.

इक्वेडोरच्या इंताग खोऱ्याने हे ओळखले होते. डोंगरात तांबे सापडल्यावर खाणीला विरोध करणाऱ्यांना पहिला प्रश्न येतो तो हाच: मग खाणार काय? १९९५मध्ये तिथल्या लोकांनी संघटना उभारली. १९९७मध्ये संतापलेल्या गावकऱ्यांनी खाण कंपनीचा तळ जाळला (आधी आतले सामान बाहेर काढून, यादी करून, ही गोष्ट मला फार आवडते). पण ते तिथेच थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी कॉफी उत्पादकांचा संघ निघाला, बायकांनी घायपाताच्या धाग्याच्या वस्तू विकायला सुरुवात केली आणि गावांनी आपापल्या झऱ्यांवरच्या जंगलाचे तुकडे सामाईक मालकीचे करून घेतले. खाणींविरुद्धचे निकाल पुष्कळ नंतर आले: २०२१मध्ये देशाच्या घटनात्मक न्यायालयाने त्याच भागातल्या लोस सेद्रोस जंगलातले खाणकाम निसर्गाच्या हक्कांचा आधार घेऊन थांबवले, आणि २०२३मध्ये प्रांतिक न्यायालयाने इंतागच्या गावकऱ्यांच्या बाजूने कौल दिला. मधली पंचवीस-सव्वीस वर्षे त्यांनी काढली ती कॉफी विकूनच.

जाता जाता एक दुरुस्ती. पान दोनवरच्या छायाचित्राखाली 'झाडावर वाढलेली बांडगुळे' असे छापले आहे. ती बांडगुळे नाहीत, ब्रोमेलिया आहेत. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे घालून रस ओढते. ब्रोमेलिया फांदीवर नुसती बसते आणि पानांच्या बेचक्यात पाणी साठवून ठेवते. काही जातींचे बेडूक त्या वाटीभर पाण्यात वाढतात. छायाचित्र मोठे करून पाहिले तर डावीकडून दुसऱ्या झुपक्यात ते पाणी दिसतेसुद्धा.

आपला,
एक जुना वाचक