लायप्झिगर स्ट्रासेवरची भिंत

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘बाबा, पूर्व जर्मनीत नुसता सरकारी प्रचार रंगवला गेला, खरी कला झाली ती पश्चिमेत.’ मी गप्प राहिलो, पण रात्री झोप लागेना. म्हणून लिहायला बसलो.

मी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा आपण बर्लिनमध्ये लायप्झिगर स्ट्रासे या रस्त्यावरच्या अर्थमंत्रालयासमोरून गेलो होतो, आठवतं? खांबांच्या आड माइसनच्या पोर्सिलीन फरशांवर रंगवलेलं लांबलचक चित्र होतं. तू एक नजर टाकलीस आणि पुढे गेलीस. मी मात्र थबकलो. ती इमारत हिटलरच्या काळात ग्योरिंगच्या हवाई मंत्रालयासाठी बांधलेली. युद्धानंतर तिथे पूर्व जर्मनीची मंत्रालयं आली आणि त्याच दगडी भिंतीवर समाजवादी कामगार चालू लागले.

ते चित्र माक्स लिंगनरचं. तो सत्तेच्या मागे धावणारा नव्हता गं. जवळजवळ वीस वर्षं फ्रान्समध्ये राहिला, तिथल्या डाव्या वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढली, तिथल्याच गुर्सच्या छावणीत कैद भोगली. आणि १९४९ साली, नवा देश घडतो आहे या विश्वासानं, आपण होऊन पूर्व बर्लिनला परतला. तिथे त्याच्या शैलीलाच नावं ठेवली गेली. पंतप्रधान ग्रोटेवोल यांनी या चित्राच्या आराखड्यात पुन्हा पुन्हा बदल करायला लावले. आधीची साधी, घरगुती माणसं मागे पडली आणि झेंडे, हसरे चेहरे, मिरवणुकीसारखी गर्दी पुढे आली. शेवटी लिंगनरलाच ते चित्र नकोसं झालं होतं, असं सांगतात.

मला ते समजतं. साक्षरता मोहिमेच्या वेळी मी एका भिंतीवर मांडीत झोपलेलं मूल सांभाळत वाचणारी बाई काढली होती. साहेब म्हणाले, मूल काढून टाका, बाई हसरी करा, पुस्तक लोकांकडे वळवा. मी वळवलं. नंतर कित्येक महिने मी शाळेला दुसऱ्या रस्त्यानं जायचो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

चित्र १९५३च्या जानेवारीत खुलं झालं. त्याच वर्षी १६ जूनला ‘स्टालिन आले’ नावाच्या रस्त्यावरचे बांधकाम कामगार कामाचे वाढवलेले कोटे रद्द करा म्हणत याच इमारतीसमोर जमले. दुसऱ्या दिवशी उठाव देशभर पसरला आणि सोव्हिएत रणगाडे रस्त्यावर आले. आता त्या चौकात जमिनीत, काचेखाली, त्या निदर्शकांचा मोठा फोटो बसवला आहे, वोल्फगांग र्‍युपेल यांनी केलेला. भिंतीवरचे कामगार हसतात, पायाखालचे हसत नाहीत.

पश्चिमेत सगळं मोकळं होतं असंही समजू नकोस. पश्चिम जर्मनीतल्या कासेलला १९५५ साली डॉक्युमेंटा हे आधुनिक कलेचं मोठं प्रदर्शन सुरू झालं, नाझींनी हिणवलेल्या कलेला मान परत मिळाला, हे मोठंच काम. पण त्याची वैचारिक बाजू सांभाळणारे वेर्नर हाफ्टमन स्वतः नाझी पक्षाचे सदस्य होते, आणि ते आयुष्यभर झाकलेलं राहिलं. अमूर्त चित्र म्हणजे स्वातंत्र्य, माणसाचा चेहरा काढला की संशय, असं तिथेही होऊन बसलं. १९७७ साली पूर्वेचे चित्रकार पहिल्यांदा कासेलला आले, तेव्हा बाझेलित्झ आणि ल्युपर्ट्झ या पश्चिमेतल्या चित्रकारांनी आपली चित्रं काढून घेतली. त्यांचा राग मला पोकळ वाटत नाही. बाझेलित्झला विद्यार्थी असताना पूर्व बर्लिनच्या कला अकादमीनं काढून टाकलं होतं.

पण त्या वर्षी आलेल्यांत वेर्नर ट्युबकेही होता. त्याला सरकारनं सोळाव्या शतकातल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बंडावरचं, शेतकरी युद्धावरचं चित्र सांगितलं होतं. बाट फ्रांकनहाउझनला त्यानं १४ मीटर उंच आणि १२३ मीटर लांब कॅनव्हास रंगवला. हवा होता क्रांतीचा गौरव. त्यानं दाखवला पराभव, भीती आणि गोल फिरत राहणारा काळ. ते १९८९च्या सप्टेंबरात खुलं झालं. दोन महिन्यांत बर्लिनची भिंतच पडली.

त्याला प्रचार म्हणशील का? बघून मग सांग.

सुट्टीत तिथे जाच. आणि त्याआधी एका सकाळी, घाई नसताना, लायप्झिगर स्ट्रासेला जा. काचेखालच्या फोटोजवळ उभी राहा आणि तिथून भिंतीकडे बघ. लिंगनरच्या गर्दीत एखादा चेहरा तरी त्यानं स्वतःच्या मनासारखा काढलेला दिसतो का, ते मला कळव. मला त्या दिवशी गर्दीतलं एक लहान मूल तसं वाटलं होतं, पण तू पुढे गेली होतीस, म्हणून नीट बघायचं राहिलं.

थंडीत कान झाकून जा. आई आठवण काढते.

तुझा,
बाबा