बोंडअळीसाठी तुरीचा आश्रय निरुपयोगी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवरील आपल्या बातमीत सारा दोष शेतकऱ्याच्या फवारणीवर ढकललेला दिसला, तो मला मान्य नाही. डोमकळी (अळीमुळे न उमललेले फूल) उकलली, की आत अळी दिसते; किडके बोंड फोडले, की ती सरकीत शिरलेली दिसते. तिथपर्यंत फवारा पोचत नाही. म्हणून तर झाडातच अळीनाशक विष तयार करणारे बीटी वाण आले, आणि ते का निष्प्रभ झाले याचे उत्तर अळीच्या जनुकांत आहे.

बीटीतले क्राय१एसी हे विष अळीच्या आतड्यातील कॅडेरिन प्रथिनाला चिकटले तरच तिला मारते. त्या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेल्या अळ्या वाचतात. पण हा गुण अप्रभावी (रिसेसिव्ह) असल्याने बदललेले जनुक नर आणि मादी या दोघांकडून यावे लागते, एकाकडूनच आले तर विषाची पुरेशी मात्रा त्या अळीला मारते. बिगर-बीटी कपाशीच्या आश्रय ओळी याचसाठी सांगितल्या होत्या, की तिथले साधे पतंग मोजक्या प्रतिकारक पतंगांशी जुळावेत आणि त्यांची पिढी बीटीवर मरावी. ॲरिझोनात हे शिस्तीने पाळले गेले, नंतर वंध्य पतंगही सोडले गेले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर झाले.

आपल्याकडे ४५० ग्रॅम बियाण्यासोबत मिळणारी १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी बहुतेक ठिकाणी पेरलीच गेली नाही. कुठे तिच्याऐवजी तूर लावली गेली. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा कशावरही जगते, म्हणून तिच्यासाठी ते ठीक; गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच वाढते, त्यामुळे तुरीतून तिचा एकही साधा पतंग येत नाही. त्यात आपले वाण संकरित असल्याने एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष असते, काहींत नसते, आणि अशा मिश्र खाद्यावर एकच बदललेले जनुक असलेल्या अळ्याही तगत असाव्यात, असे मला वाटते. गुजरातेत २०१० च्या सुमारास क्राय१एसीचा प्रतिकार नोंदला गेला. २००६ मध्ये आलेले दोन जनुकांचे बीटीही पुढे टिकले नाही आणि २०१७ मध्ये विदर्भाने त्याची किंमत मोजली.

आता आश्रयाचे बियाणे पाकिटातच मिसळून दिले जाते. ते खरोखर बिगर-बीटी कपाशीचेच आहे का आणि मुख्य वाणासोबतच फुलावर येते का, याची तपासणी कृषी खात्याने पेरणीपूर्वी करून तालुकावार निष्कर्ष जाहीर करावेत. आणि फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात ठेवून घेतलेले पीक) घेऊ नका असे सांगताना, डिसेंबरअखेर शेत मोकळे करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला कमी मुदतीचे वाण वेळेवर मिळेल, याची हमीही द्यावी.

आपला,
एक कृषी पदवीधर वाचक, यवतमाळ