वेढ्यातले नाणे

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

वेढा पडलेल्या गावात पैशाचे काय होत असेल, हा तुझ्या पत्रातला प्रश्न आठवडाभर माझ्या मनात घोळतो आहे. त्याचे सर्वांत बोलके उत्तर मला इंग्लंडमधल्या न्यूअर्कमध्ये सापडते. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्या यादवीत हे गाव राजाच्या बाजूचे होते आणि नोव्हेंबर १६४५ मध्ये त्याला तिसऱ्यांदा वेढा पडला. बाहेरून पैसा येण्याची वाट बंद झालेली, शिबंदीचा पगार तर भागवायलाच हवा; तेव्हा चांदीची ताटे-भांडी कापून त्या तुकड्यांवरच ठसे मारण्यात आले.

ही नाणी गोल नाहीत, शंकरपाळ्यांच्या आकाराची आहेत. लाटलेल्या पोळीवर कातण्याने तिरके काप दिले की कडा सोडल्यास काही वाया जात नाही, तोच हा हिशेब. गोल चकत्या कापल्या असत्या तर मधली चांदी वितळवून पुन्हा पत्रा करावा लागला असता, आणि वेढ्यात तेवढी सवड कुठली? एका बाजूला मुकुट, राजाची 'सी' आणि 'आर' ही आद्याक्षरे आणि खाली रोमन आकड्यांत ३०, १२, ९ किंवा ६ पेन्स अशी किंमत. दुसऱ्या बाजूला 'वेढलेले' या अर्थाच्या लॅटिन शब्दाची पहिली तीन अक्षरे, गावाचे नाव आणि साल. काही नाण्यांवर मूळ भांड्याच्या सोनेरी मुलाम्याची छटा अजून टिकून आहे. ती दिसली की मला गलबलून येते, कारण कुणाच्या तरी घरचे ताट शिपायाच्या तळहातावर पगार होऊन पडले होते.

नेदरलँड्समधल्या लायडनने तर १५७४ साली, स्पॅनिश फौजांशी झुंजताना, कॅथलिक चर्चमधल्या ग्रंथांची पाने एकमेकांवर दाबून चक्क कागदाची नाणी पाडली. नाणे वाजवून घ्यावे असे आपल्याकडे म्हणतात, पण हे वाजणार कसे? लोकांनी ते घेतले ते नगराच्या शब्दावर. 'हे स्वातंत्र्यासाठी' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे त्यावर आहेत आणि मला ती कोणत्याही राजमुद्रेहून मोठी वाटतात.

लायडन ३ ऑक्टोबर १५७४ रोजी वेढ्यातून सुटले. न्यूअर्कच्या नशिबी ते नव्हते. मे १६४६ मध्ये चार्ल्स स्कॉटिश सैन्याच्या स्वाधीन झाला आणि ज्याचा मुकुट त्या नाण्यांवर होता, त्यानेच गाव शत्रूच्या हवाली करण्याची आज्ञा दिली.

सोबत नऊ पेन्सच्या नाण्याचे छायाचित्र पाठवतो आहे. या किमतीचे नाणे इंग्लंडच्या नेहमीच्या चलनात नव्हतेच, म्हणून तेच निवडले. वहिनींनाही अवश्य दाखव.

तुझा,
माधव