सिनेमाच्या खेळण्यांचा उरलेला माल परत घ्या

मा. संपादक,

म्हापशात माझं खेळण्यांचं दुकान आहे. मुलांचा मोठा सिनेमा लागला की दर वेळी तेच होतं, पहिल्या आठवड्यात पोरं हिरोची बाहुली मागतात ती संपलेली असते आणि दोन महिन्यांनी नवा माल येतो तेव्हा कोण विचारत पण नाही. लहान मुलाला नाही म्हणायचं खरंच जिवावर येतं.

लोक म्हणतात दुकानदारांना अंदाज येत नाही. अहो, मोठमोठ्या कंपन्यांना तरी कुठे येतो? १९७७ च्या मे महिन्यात अमेरिकेत स्टार वॉर्स लागला, नाताळ आला तरी केनर कंपनीच्या बाहुल्या तयार नव्हत्या, मग त्यांनी नुसतं सर्टिफिकेट घातलेलं पाकीट विकलं आणि बाहुल्या १९७८ मध्ये पोस्टाने पाठवल्या! त्याच मालिकेचा १९९९ चा सिनेमा आला तेव्हा एकदम उलटं, माल इतका काढला की दुकानांत पडून राहिला. साचा बनवायचा, टेस्टिंग, कंटेनर, सगळ्याला महिनेच्या महिने जातात, म्हणजे ऑर्डर ठरते तेव्हा प्रेक्षकांनी सिनेमा बघितलेलाच नसतो. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे (तो हवाच, पोरं खेळणी तोंडात घालतात) त्यामुळे ऐनवेळी कुठूनही माल उचलून आणता येत नाही.

मग सगळी रिस्क दुकानदारावरच का? आमच्याकडे येणारा डिस्ट्रिब्युटर अख्खा बॉक्सच घ्यायला लावतो, त्यात हिरोचे पीस मोजके, बाकी साइड कॅरेक्टर, आणि रिटर्न नाही म्हणजे नाही. समजा बाहुली २०० ला घेतली, ३०० ला विकली तर १०० सुटतात, उरली तर बोडगेश्वराच्या जत्रेच्या टायमाला १०० ला काढायची म्हणजे १०० बुडाले. अशा हिशोबात खपायची निम्मी तरी खात्री असेल तोच पीस माणूस उचलणार. तीच बाहुली डिस्ट्रिब्युटर १८० ला परत घेत असेल तर बुडणार फक्त २०, मग खपायची शक्यता सहात एक असली तरी ठेवायला परवडते. म्हणजे आम्ही जास्त माल ठेवू आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाणार नाही. डिस्ट्रिब्युटरकडे सगळ्या गावांचा हिशोब असतो, म्हापशात उरलेलं मडगावला नाहीतर कोल्हापूरला खपू शकतं, मला ते कसं जमणार?

दुसरं म्हणजे सगळा माल एकदम गोव्यात पाठवू नका. अर्धा मुंबईच्या गोदामात ठेवा. सिनेमा शुक्रवारी लागतो, सोमवारी सकाळी पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या दुकानदारांनी कुठला पीस किती गेला ते एका ग्रुपवर टाकलं तर कशाला मागणी आहे ते लगेच दिसेल, कारण पहिल्या तीन दिवसांची विक्री कुठल्याही ट्रेलरच्या व्ह्यूजपेक्षा जास्त खरं सांगते. ट्रक मुंबईहून रात्री सुटला की दुसऱ्या दिवशी गोव्यात, म्हणजे दुसऱ्या वीकेंडच्या आधी माल दुकानात. मे च्या सुट्टीतल्या सिनेमाला तर हे झालंच पाहिजे, जूनमध्ये शाळा आणि पाऊस सुरू झाला की लोकांचे पैसे दप्तर-छत्रीत जातात आणि मग थेट चवथीपर्यंत खेळण्यांकडे कोण बघत नाही.

ग्रुप बनवायला मी तयार आहे. गोव्यातल्या व्यापारी संघटनांनी रिटर्नचा विषय डिस्ट्रिब्युटरांसमोर एकत्र मांडावा, एकट्यादुकट्याचं ते ऐकत नाहीत.

– एक खेळणी विक्रेता, म्हापसा