‘मदतनीस’ म्हणजे कोण?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, “तीस वर्षं पगार या एकाच विषयात कसा रमलास?” तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपण एकाच वर्गातून बाहेर पडलो. पुढे तू वाटाघाटींत व्यवस्थापनाच्या बाजूने बसलास आणि मी अभ्यासक म्हणून वही घेऊन कोपऱ्यात. किमान वेतन वाढलं की नोकऱ्या जातात, हे आपण पाठच केलं होतं. मग डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा १९९४ चा अभ्यास हाती आला. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं, तरी तिथल्या फास्टफूड दुकानांतली माणसं कमी झालेली त्यांना दिसली नाहीत. त्यावर आपण रात्रभर भांडलो होतो, आठवतं?

तेव्हा मला सगळा झगडा आकड्याचाच वाटायचा. पुढे अभ्यासासाठी घेतलेल्या एका मुलाखतीनंतर कारखान्यातल्या एका बाईने पर्समधून चार घड्या घातलेली पगाराची स्लिप काढली आणि तळहाताने टेबलावर सपाट केली. पदनाम होतं ‘मदतनीस’. नव्या मुलींना मशिन शिकवायची तीच. मशिन अडलं की पहिली हाक तिलाच. त्या एका शब्दावर बोट ठेवून ती म्हणाली, “सर, मी करते ते यात कुठे आहे?” मी काय बोलणार!

मग लंडनमधल्या डॅगनहॅमचा संप मी पुन्हा मुळापासून वाचला. १९६८ मध्ये फोर्डच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी काम बंद केलं. कामावर घेताना मशिनवर त्यांची चाचणी व्हायची, तरी त्यांना कमी कौशल्याच्या श्रेणीत टाकलं होतं आणि त्याच श्रेणीतल्या पुरुषांच्या ८५ टक्के पगार मिळायचा. संप मिटला तेव्हा तो ९२ टक्के झाला. ब्रिटनचा १९७० चा समान वेतन कायदा या संपामुळे आला, असं सगळे कौतुकाने सांगतात. पण त्यांची मूळ मागणी श्रेणीची होती, आणि ती मान्य व्हायला १९८४ उजाडलं, तेही दुसऱ्या संपानंतर. सोळा वर्षं, मित्रा! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या करारात तर ‘समान मूल्याचं काम’ असेच शब्द आहेत. पण ते मूल्य ठरवणारा श्रेणीतक्ता कोण बनवतो, त्यात वजन उचलण्याला किती गुण आणि बारीक नजरेला किती, हे बघायला कोणी वाकत नाही. मी तेच बघत राहिलो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. माझ्याच एका प्रकल्पात सहायकांना मुलाखतीच्या तासांचे पैसे मिळत. ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून काढायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागे, पण अंदाजपत्रकात त्याचा रकानाच नव्हता. ते अंदाजपत्रक मी केलं होतं. एका मुलीने काम सोडताना तिची तासांची वही माझ्यापुढे ठेवली. न्याय्य वेतनावर व्याख्यानं देणारा मी, शरमेने मान खाली गेली. नंतर हिशेब करून पैसे दिले, पण ती परत आली नाही. तेव्हापासून कोणताही प्रकल्प मांडताना मी आधी सहायकांना बसवून दिवसभरातलं एकेक काम लिहून घेतो.

तुझ्याकडे जुन्या वेतनकरारांसोबतचे श्रेणीतक्ते असतील तर पाठव. खाडाखोड असलेले कच्चे कागद असतील तर आधी तेच. नव्या सत्रात मुलांपुढे ठेवायचे आहेत, आणि तू त्या वर्गाला आलास तर फारच बरं होईल.

तुझा,
जुना बाकसोबती