तुझ्या कोयनेलला फुलं आली

यावल,
नारळी पौर्णिमा

प्रिय बाळ्या,

तू रत्नागिरीकडून काड्या बांधून दिल्यास त्याला दोन पावसाळे झाले. काल संध्याकाळी तुझी कोयनेल फुलली रे! तीन-तीनच्या झुबक्यात पांढरीशुभ्र फुलं, लांब नळीची, आणि बाहेर झुकलेले चार जांभळट केसर. हातातली बादली तशीच ठेवून मी तिथं उकिडवा बसलो. अंधार पडला, तसा मंद वास सुटला.

जन्मभर कोयनेल पाहिली ती शाळांच्या नि कचेऱ्यांच्या कुंपणाला, कातरीनं चौकोनी केलेली. फुलणार कशी? शेंडा वर आला की छाटलाच. तुझ्याकडे पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, जमिनीवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या मागे, ती मोकळी पसरलेली पाहिली, तेव्हा कळलं की हे झाड मुळात समुद्राकाठचं.

सुरुवातीला मी चुकलो. आषाढात काळ्या जमिनीत काड्या खोचल्या, पाणी तुंबलं आणि दहांतल्या आठ कुजल्या. ओढली तर साल हातात सुटून यायची. उरलेल्या दोन, नाल्यातली रेती नि मुरूम घालून वीतभर उंच वाफ्यावर लावल्या. मग मात्र झपाट्यानं वाढल्या. आमच्या बोअरचं पाणी खारं, त्यानं गुलाब जळले, लिंबाची पानं करपली. हिला काही नाही. मेमध्ये पारा ४५ वर होता, केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, तेव्हाही हिची पानं जाड, तकतकीत. शेळ्या तोंड लावत नाहीत. आईनं एक पान चावलं नि लगेच थुंकली, "कडू ईख रे बाबा!"

गाड्या उभ्या करायला पुळणीवरची झुडपं काढणार, असं तू फोनवर म्हणालास, तेव्हापासून मला चैन नाही. अरे, वाऱ्यानं उडणारी वाळू याच झुडपांत अडते, तिथंच तिचं टेकाड वाढतं. झुडपं गेली की वाळू तुमच्या अंगणात येईल आणि उधाणाच्या पाण्याला आड काहीच उरणार नाही. ग्रामसभेत हे बोल. एकटा पडलास तरी बोल.

आणि इतकं करूनही काढलीच, तर माझ्याकडे आहे. मी हिला कातर लावत नाही, पण तुझ्यासाठी लावीन. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दिवाळीला घेऊन येतो. तेवढी जागा राखून ठेव.

तुझा,
नाना